जुना डेस्कटॉप भंगारात घालण्याआधी हे वाचा : बाहेरून जोडायची एसएसडी



मागच्या व्हिडिओत मी काउंटरवरचा जुना कॉम्प्युटर बाहेरून एसएसडी जोडून चालू करून दाखवला. पण व्हिडिओत सगळं मावत नाही. "सर, बटणं कोणती दाबायची ते लिहून द्या" असंही बऱ्याच जणांनी सांगितलं. म्हणून हा लेख. सेव्ह करून ठेवा आणि काम करताना मोबाईलवर शेजारी उघडा ठेवा.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

माझ्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. त्यांचं मॅचिंग सेंटर आहे, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल वगैरे. त्यांचा कॉम्प्युटर इतका रेंगाळायचा की गिऱ्हाईक बिल न घेताच निघून जायचं. त्या नवीन घ्यायला निघाल्या होत्या, हप्त्यांवर. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "ताई, कशाला खर्च करता? एसएसडी आणा, मी क्लोन करून देतो." क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. संध्याकाळी काम लावलं आणि घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर नक्कल अर्ध्याच्या पुढे जाऊन अडकलेली, आणि जुन्या डिस्कमधून टक-टक, टक-टक आवाज. ती डिस्क त्यानंतर उघडलीच नाही.

त्या डिस्कवर अडीच वर्षांची उधारीची यादी होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

ताई मला एक शब्दही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. पुढचे पंधरा दिवस त्या चिठ्ठ्या, बिलबुकं आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज घेऊन यादी जुळवत बसल्या. काही गिऱ्हाइकांनी स्वतःहून येऊन पैसे दिले. काही जण आजही म्हणतात, "माझं काही बाकी नाही."

चूक साधी होती. डिस्क आधीच शेवटच्या घटका मोजत होती आणि मी तिच्याकडून रात्रभर सगळ्यात जड काम करून घेतलं. तेव्हापासून माझा नियम ठरला: आधी डेटा, मग वेग. आणि प्रत्येक बदलाला परतीचा रस्ता हवा. बाहेरून एसएसडी जोडण्याची पद्धत मला आवडते ती याच कारणासाठी. जुनी डिस्क जागची हलत नाही. नवीन प्रयोग फसला, तर केबल काढा, कॉम्प्युटर चालू करा, दुकान पहिल्यासारखं सुरू. ज्याच्याकडे एकच कॉम्प्युटर आहे, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कॉम्प्युटर म्हातारा झालाय, की नुसती डिस्क?

हार्ड डिस्क म्हणजे एकच पोऱ्या असलेलं गोडाऊन समजा. आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक काटा त्यावर इकडून तिकडे धावतो. प्रत्येक वस्तू आणायला पोऱ्याला शिडी लावून वर चढायचं, खाली उतरायचं. अशा एका फेरीला साधारण १० मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल उघडतात, म्हणजे हजारो फेऱ्या. एसएसडीत फिरणारा भागच नाही. सगळा माल काउंटरवर हाताशी. तिथे तीच फेरी ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होते.

आता तुमचा कॉम्प्युटर तपासा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा आणि नेहमीचं काम करत राहा.

- 'डिस्क' सतत १०० टक्क्यांवर आणि 'सीपीयू' २०-३० वर असेल, तर दोष डिस्कचा. एसएसडीने फरक नक्की पडणार.
- 'मेमरी' ९० टक्क्यांच्या वर असेल, तर आधी रॅम बघा. ४ जीबी असेल तर ८ करा. जुन्या मशीनला बहुतेक वेळा डीडीआर ३ लागते. ती सेकंडहँड सहज मिळते.
- 'सीपीयू' कायम १०० असेल, तर एसएसडी लावून चमत्कार होणार नाही. आधी व्हायरस आणि आतली धूळ बघा.

अजून एक छोटी गोष्ट. रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख मागे जाते का? मग मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. त्याचा नंबर सीआर २०३२. घड्याळवाल्याकडे मिळतो. तारीख चुकली की बिलावर चुकीची तारीख पडते आणि बँकेच्या साइट उघडत नाहीत, कारण ब्राउझर साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र तारखेवरूनच तपासतो. काही जण एवढ्यावरून कॉम्प्युटर भंगारात काढतात!

पैशाचं गणित

बीबीएला शिकलेलं इथे कामाला येतं. समजा सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायला ६ मिनिटं जास्त लागतात. दिवसाला ४० बिलं, प्रत्येक बिलाला २० सेकंद थांबावं लागतं. म्हणजे १३ मिनिटं. रोजची झाली १९. महिन्याचे २६ दिवस धरले तर आठ तासांहून जास्त. दर महिन्याला एक अख्खा कामाचा दिवस तुम्ही गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे बघत बसता.

पण दुसरी बाजूही बघा. "या कॉम्प्युटरवर आधी एवढा खर्च केलाय" हे कारण धरू नका. तो खर्च बुडीत, विसरा. माझा ठोकताळा असा: एसएसडी, रॅम, सेल सगळं मिळून नव्या डेस्कटॉपच्या किमतीच्या पाव हिश्श्याच्या आत बसत असेल तर करा. त्याच्या वर जात असेल तर ते पैसे नव्यासाठी बाजूला टाका. एसएसडीचे भाव खालीवर होतात, त्यामुळे ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचा भाव धरून हिशोब करा.

तुमच्या मशीनला यूएसबी ३ आहे का?

सगळा खेळ इथे आहे. कॉम्प्युटरच्या मागे बघा. यूएसबीच्या खाचेतली पट्टी निळी असेल किंवा शेजारी 'एसएस' अशी खूण असेल, तर ते यूएसबी ३. त्यातून सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास डेटा जातो. काळी किंवा पांढरी पट्टी असेल तर बहुतेक यूएसबी २, तिथून जेमतेम ३०-४० एमबी. त्यावर बाहेरची एसएसडी लावणं म्हणजे बोळातून ट्रक नेणं.

साधारण २०१२ नंतरच्या बोर्डांवर यूएसबी ३ मिळतं, पण सगळ्यांवर नाही. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये एच ६१ चिपसेटचे बोर्ड खूप विकले गेले. त्या चिपसेटमध्ये यूएसबी ३ नाही. "मग यूएसबी ३ चं कार्ड टाकू का?" असं विचाराल. पेनड्राइव्ह वापरायला ते चालेल, पण जुने बोर्ड अशा कार्डावरून कॉम्प्युटर सुरू करू देत नाहीत. तुमचं मशीन या प्रकारातलं असेल तर सरळ एसएसडी आत बसवा. त्याबद्दल शेवटी सांगतो.

काय विकत घ्यायचं

तयार पोर्टेबल एसएसडी मिळते. पण माझा सल्ला: साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या आणि तिच्यासाठी यूएसबी ३ चं केसिंग वेगळं घ्या. कारण प्रयोग जमला, तर तीच एसएसडी केसिंगमधून काढून कॉम्प्युटरच्या आत लावता येते. पोर्टेबलला ती सोय नसते. बिलिंगच्या मशीनला २४० किंवा २५६ जीबी पुरते. फोटो आणि डिझाइनचं काम असेल तर ५०० च्या पुढे बघा.

दोन सावधगिरीच्या सूचना. एक, पेनड्राइव्ह म्हणजे एसएसडी नव्हे. साध्या पेनड्राइव्हवर विंडोज चालवाल तर जुन्या डिस्कपेक्षाही जास्त रडेल. दोन, हजार-दीड हजारात १६ टीबीची एसएसडी दाखवणाऱ्या ऑनलाइन जाहिराती खोट्या असतात. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवला जातो. डेटा भरत जातो आणि नंतर उघडत नाही. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या.

आधी डेटा. हे सोडून पुढे जाऊ नका.

१. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. 'गुड' आलं तर ठीक. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं, किंवा डिस्क टक-टक करत असेल, तर क्लोनचं नाव काढू नका. आधी फक्त महत्त्वाच्या फाइल काढून घ्या, सगळ्यात महत्त्वाच्या सगळ्यात आधी. मी त्या दिवशी हे दोन मिनिटांचं काम केलं असतं, तर ताईंची यादी वाचली असती.

२. टॅली वापरत असाल तर टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि डेटाचं फोल्डरही वेगळं कॉपी करा. त्यात प्रत्येक कंपनीचं आकड्याच्या नावाचं एक फोल्डर असतं. दुसऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही बॅकअपचं बटण असतंच.

३. प्रती दोन ठेवा. एक पेनड्राइव्हवर, एक घरच्या लॅपटॉपवर किंवा क्लाउडवर. आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप म्हणजे न मोजता घेतलेली नोटांची गड्डी.

४. लायसन्सची यादी करा. टॅलीचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. जुनी विंडोज कायमची सोडायची वेळ आली की आधी टॅलीत जाऊन लायसन्स 'सरेंडर' करा आणि नव्या ठिकाणी पुन्हा चालू करा. नाहीतर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते आणि महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना एंट्री घेते. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, बिल प्रिंटर, बारकोड स्कॅनर, सगळ्यांचे ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा.

विंडोज बाहेरच्या एसएसडीवर : पायरीपायरीने

विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबीच्या डिस्कवर विंडोज टाकायला नकार देतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची 'विंडोज टू गो' नावाची सोय होती, ती त्यांनी २०२० मध्ये बंद केली. पण रुफस या फुकट सॉफ्टवेअरमधून ते अजून करता येतं.

१. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल घ्या. जुन्या मशीनवर होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. मशीन तेच आणि आवृत्ती तीच असेल, तर अस्सल विंडोज बहुतेक वेळा इंटरनेट जोडल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट होते.

२. बाकीचे सगळे पेनड्राइव्ह काढा. फक्त एसएसडी जोडा, मागच्या निळ्या खाचेत. पुढच्या पॅनलच्या खाचा बऱ्याचदा ढिल्या असतात.

३. रुफस उघडा. एसएसडी दिसत नसेल तर घाबरू नका. प्रगत पर्यायांत यूएसबी हार्ड ड्राइव्ह दाखवण्याची टिक आहे, ती करा. पेनड्राइव्हऐवजी दुसरी डिस्क चुकून पुसली जाऊ नये म्हणून ती मुद्दाम लपवलेली असते. डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचा, कारण निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाणार आहे.

४. आयएसओ निवडा आणि इमेजच्या पर्यायांत 'विंडोज टू गो' घ्या. यूईएफआय मशीन असेल तर जीपीटी, फार जुनं बायोसचं मशीन असेल तर एमबीआर.

५. स्टार्ट दाबल्यावर एक छोटी खिडकी येते. त्यात विंडोज टू गोने आतल्या डिस्कला हात लावू नये अशी टिक असते. ती राहू द्या! परतीचा रस्ता मोकळा ठेवणारी हीच टिक. यामुळे नव्या विंडोजमध्ये जुनी डिस्क दिसणार नाही. घाबरून "डेटा गेला" म्हणू नका. लागणाऱ्या फाइल तुम्ही घेतलेल्या बॅकअपमधून आणा.

६. कॉम्प्युटर बंद करून चालू करा आणि लगेच बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एफ ९, आसुसच्या बोर्डाला एफ ८, गिगाबाइटला एफ १२, एमएसआयला एफ ११. यादीतून एसएसडी निवडा. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो, चहा घेऊन या.

७. ड्रायव्हर टाका, प्रिंटर जोडा आणि एक खरं बिल काढून बघा. हे काम सोमवारी सकाळी करू नका. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी करा.

चालू असताना केबल निघाली तर विंडोज जागच्या जागी अडकते आणि उघडं असलेलं काम जातं. म्हणून केबल छोटी घ्या, केसिंग कॅबिनेटच्या मागे टेपने चिकटवा आणि झाडू मारणाऱ्यालाही सांगून ठेवा.

एक विनंती. क्लोन केलेली विंडोज यूएसबीवरून सुरू करायला जाऊ नका. ती आतल्या साटा जोडणीसाठी तयार झालेली असते, बाहेरून बहुतेक वेळा निळी स्क्रीन देते.

वेग येईल, पण सुरक्षेचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे तुमच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय ३ ला एसएसडीने वेग मिळेल, अपडेट मिळणार नाहीत.

माझ्या दुकानात मी कामं वाटून टाकली. टॅली आणि बिलिंग जुन्या विंडोजवर, त्याचं इंटरनेट शक्यतो बंद. आणि बँक, जीएसटी पोर्टल, ईमेल ही ब्राउझरची कामं एसएसडीवरच्या लिनक्स मिंटवर. मिंट फुकट आहे, बाहेरच्या एसएसडीवर सरळ बसतं आणि ४ जीबी रॅमवरही चालतं. फक्त इन्स्टॉल करताना आतल्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. एकट्या मालकाच्या दुकानाचा जीएसटी रिटर्न ओटीपीवर भरता येतो, त्यामुळे डिजिटल सिग्नेचरचंही अडत नाही. टॅली मात्र मिंटवर सरळ चालत नाही, हे आधीच सांगतो.

स्टुडिओवाल्यांसाठी : जुना आयमॅक

फोटो स्टुडिओ आणि डिझाइनवाल्यांकडे जुने आयमॅक असतात. २०१२ च्या अखेरीपासूनच्या इंटेल आयमॅकची स्क्रीन गोंदाने चिकटवलेली असते. आतली डिस्क बदलायची तर स्क्रीन उचकटावी लागते आणि ती तडकली तर सगळंच मुसळ केरात. त्याच मॉडेलपासून यूएसबी ३ सुद्धा आलं. शिवाय मॅकओएसला बाहेरच्या डिस्कवर बसायला काही अडचण नसते. डिस्क युटिलिटीत वर 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा, एसएसडीला जीयूआयडी आणि एपीएफएसने फॉरमॅट करा, मॅकओएस त्यावर टाका आणि 'स्टार्टअप डिस्क'मध्ये तिला निवडा. इथे बाहेरची एसएसडी कायमची ठेवली तरी चालते.

आत कधी बसवायची?

विंडोजवाल्यांनी बाहेरची जोडणी चाचणी म्हणून वापरावी. पंधरा दिवस बिलं काढा, महिनाअखेरचा हिशोब करा, सगळे प्रिंटर बोलतात का बघा. पटलं, तर सुट्टीच्या दिवशी मेन स्विच बंद करा, केसिंगमधून एसएसडी काढा आणि आत साटा केबलला जोडा. बसवायची पट्टी नसेल तर दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते, आत हलणारा भाग नाही. विंडोज मात्र तेव्हा नव्याने आणि नेहमीच्या पद्धतीने टाका, रुफसची तात्पुरती विंडोज कायमची करू नका. पंधरा दिवसांत काढलेल्या बिलांचा बॅकअप त्याआधी घ्यायला विसरू नका. जुनी हार्ड डिस्क निदान सहा महिने कपाटात ठेवा, वर तारीख लिहून. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क त्या छोट्या केसिंगमध्ये बसत नाही. ती उघडायची वेळ आली तर वेगळा अॅडॉप्टर असलेलं मोठं केसिंग लागतं.

त्या मॅचिंग सेंटरच्या ताईंचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांच्या त्याच कॉम्प्युटरमध्ये आज एसएसडी आहे आणि तो चांगला चालतो. मी मजुरी घेतली नाही, पण त्याने यादी परत आली नाही. आता दर शनिवारी दुकान बंद करताना त्या पेनड्राइव्हवर बॅकअप घेतात आणि पर्समध्ये टाकून घरी नेतात. मधे भेटल्या तेव्हा मलाच म्हणाल्या, "सर, तुमच्या दुकानाचा बॅकअप कधी घेतला होता?"

मी तारीख आठवत राहिलो. त्या रात्री घरी जाण्याआधी पहिलं काम तेच केलं.

तुम्हीही एसएसडी नंतर घ्या. आज शटर ओढण्याआधी उधारीच्या यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. तेवढं झालं की मग पुढचं ठरवू.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, डेटा सांभाळा.